पाणी आणि वाट

कशेडी घाट आता बहुतेकांच्या प्रवासातून वजा झाला आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्या मधला डोंगर फोडून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे काढले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर त्यांतला एक छोट्या गाड्यांसाठी खुला झाला आणि वळणावळणांची ती लांबलचक चढण काही मिनिटांवर आली. चाकरमान्याला याचे सुख कुणी सांगायला नको. चोळई, धामणदेवी, भोगाव ही नावे त्याला पावसाळ्यात दरड कोसळल्याच्या बातम्यांतूनच ठाऊक. भोगावजवळ तर रस्ताच वर्षानुवर्षे खचत राहिला. बोगदा हवाच होता.

मात्र गाडी बोगद्यात शिरली की गावे दिसेनाशी होतात. चौपदरी रस्ता पोलादपूर मागे टाकतो, महाड मागे टाकतो, आणि रायगड जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा प्रवाशाच्या लेखी दोन पाट्यांपुरता उरतो. या कोपऱ्यात माणसांनी दगडावर, भिंतीवर, कापडावर आणि रस्त्यावर जे लिहिले, रंगवले, नाचवले, त्याला जवळजवळ दोन हजार वर्षांची परंपरा आहे. ते वाचायचे तर पायी चालायला हवे. जुना घाट उतरून पोलादपूर, तिथून सावित्रीच्या काठाने महाड आणि पुढे दासगाव, हा पट्टा टप्प्याटप्प्याने चालत पाहावा असा आहे. असे चालणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे कुणाला वाटेल. महाडपुरते तरी ते खरे नाही. सार्वजनिक रस्त्यावरून सार्वजनिक पाण्यापर्यंत चालत जाणे ही केवढी मोठी गोष्ट असू शकते, हे या देशाला महाडने दाखवले आहे.

जुना घाट

घाटातली खरी चित्रशाळा चाकांवर होती. चढणीवर भरलेला ट्रक माणसाच्या चालीने जातो, तेव्हा त्याची पाठ निवांत वाचता येते. कमळे, मोर, गरुड, कुलदैवताचे नाव, मुलांची नावे, आईच्या आशीर्वादाची ओळ, आणि मधोमध हॉर्न वाजवण्याची विनंती. ही विनंती लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये मनाई केली, कारण तिच्यामुळे चालक उगाच हॉर्न वाजवतात. तरी ती पुसली गेली नाही, कारण ट्रकची पाठ हा रंगाऱ्याचा आणि मालकाचा खाजगी प्रांत असतो. ज्याला घर सोडून महिनाभर रस्त्यावर राहायचे आहे तो आपले घर गाडीवर रंगवून घेतो.

रस्त्याच्या कडेची कला याहून साधी. कठड्यावरचे काळे-पांढरे पट्टे, वळणावरचे इशारे, चुन्याचा पट्टा मारून त्यावर निळीने किंवा गेरूने काढलेल्या सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती. फ्लेक्स येण्यापूर्वी अशा पाट्या हाताने रंगवल्या जात आणि कोपऱ्यात ‘पेंटर’ म्हणून सही असे. तालुक्याच्या गावात पेंटर हा मानाचा माणूस होता. दुकानाची पाटी, गणपतीची आरास, नाटकाचा पडदा, निवडणुकीची भिंत, शाळेचा फळा हे सगळे त्याच्याच हातचे. अक्षराला सावली द्यायची कशी, शिरोरेघ सरळ ओढायची कशी, उन्हात रंग किती पातळ करायचा, हे ज्ञान उस्तादाकडून चेल्याकडे जायचे. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने तो धंदा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतांशी मोडला. जुन्या रस्त्यांवर त्याचे अवशेष टिकतात, कारण तिथे नवी जाहिरात लावण्यात कुणाला फायदा दिसत नाही. वाहतूक बोगद्याकडे वळली की घाटातल्या टपऱ्यांचे पोट रिकामे होते आणि भिंती तेवढ्या जुन्या अक्षरांसह उभ्या राहतात. आपल्याकडच्या अक्षरकलेचा हा मोठा साठा आहे. त्याची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम जवळच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांनी मनावर घेतले, तर तो पुढच्या पिढीला पाहायला मिळेल.

पोलादपूर

घाट उतरला की पोलादपूर. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि त्याच डोंगरातून सावित्री खाली येते. प्रतापगडाकडे निघालेल्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात. याच गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, हे थांबणाऱ्यांपैकी थोड्यांना माहीत असते. मूळचे नेवाशाचे परमानंद हे शिवाजी महाराजांच्या हयातीत ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचणारे कवी. एकतीस अध्याय पुरे होऊन बत्तिसाव्याच्या आरंभीच ते थांबते. स. म. दिवेकरांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच साली महाडमध्ये काय घडत होते ते पुढे येईलच. ज्या कवीच्या शब्दांवर आपण अफझलखान प्रसंगाच्या तपशिलासाठी विसंबतो, त्याच्यापर्यंत महामार्ग सोडून चार पावले चालत जायला काय हरकत आहे? याच तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तिथली समाधी पाहायला मात्र माणसे येतात, कारण तानाजींची गोष्ट शाळेपासून कानावर असते.

गावातून हिंडताना सर्वांत जास्त रंग जिल्हा परिषदेच्या शाळांवर दिसतो. ‘बोलक्या भिंती’ हे त्याचे शिक्षकांच्या तोंडचे नाव. बाराखडी, पाढे, फळे, ग्रहमाला, महाराष्ट्राचा नकाशा, सावित्रीबाई आणि जोतीराव. पुष्कळदा शिक्षक, पालक आणि गावातला एखादा हौशी चित्रकार मिळून ही भिंत रंगवतात. मोठ्या शहरातले भित्तिचित्र पाहणाऱ्याला थांबवण्यासाठी काढलेले असते. शाळेची भिंत त्याच मुलांसमोर रोज असते, म्हणून तिचा रंग जिथे हात पोचतो तिथे आधी झिजतो. झिजलेली बाराखडी हे त्या भिंतीचे यश आहे.

सावित्रीचा पूल

पोलादपूर आणि महाड यांच्या मध्ये सावित्री ओलांडावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. त्या अंधारात दोन एसटी बस आणि एक छोटी गाडी नदीत कोसळली. सुमारे चाळीस माणसे गेली. मृतदेहांचा शोध पार खाडीच्या मुखापर्यंत घ्यावा लागला. नवा पूल सहा महिन्यांच्या आत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. इतक्या वेगाने आपण पूल बांधू शकतो, हे त्या दुःखातून कळले.

गाडीतून जाताना हा पूल चार-पाच सेकंदांत संपतो. चालताना त्याची लांबी कळते, खालच्या पात्राची रुंदी कळते. पावसाळ्यात गढूळ पाण्याचा जोर पाहिला, की महाबळेश्वरच्या पठारावर पडलेला पाऊस थोड्या तासांत इथे येऊन कसा धडकतो हेही समजते. महाडचा सगळा इतिहास या पाण्याशी बांधलेला आहे. एके काळी गलबते खाडीतून महाडपर्यंत येत, कोकणातला माल इथून घाटावर आणि घाटावरचा माल इथून समुद्रावर जाई. बाजारपेठ वसली ती नदीमुळे, आणि बुडते तीही नदीमुळे.

पाण्याची रेष

महाडच्या जुन्या भागात शिरले की सुकट गल्ली, भोई घाट, काकरतळे, काजळपुरा अशी नावे लागतात. बाजारपेठेत माल पोटमाळ्यावर चढवायची सोय ठेवतात, कारण पावसाळ्यात रात्री भोंगा वाजला की तळमजला रिकामा करायचा असतो. महाडकर वयाचा, लग्नाचा, दुकान सुरू केल्याचा हिशेब पुरावर मांडतात. २००५ चे पाणी, २०२१ चे पाणी. आणि पुराची गोष्ट सांगताना हात आपोआप वर जातो, अमुक खांबावर, तमुक खिडकीवर, इथवर.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या पाण्याने महाड वेढले गेले, बाजारपेठेचे तळमजले बुडाले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. २५ जुलै २००५ लाही हेच झाले होते. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही नावे तेव्हा राज्याला कळली.

पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची एक आडवी रेष राहते. ती कुणी काढत नाही, आणि शहरातली सर्वांत खरी खूण तीच असते. वर्षभरात घरे रंगवली जातात, रेष जाते. लोकांनी रंग मारू नये असे कोण म्हणेल? घर पुन्हा घर व्हायलाच हवे. पण सगळ्या रेषा पुसल्या की नव्याने राहायला आलेल्या माणसाला, भाड्याने गाळा घेणाऱ्याला, औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाला पाणी कुठवर येते हे कळायची सोय राहत नाही. सांगलीत मात्र पावसाळा लागला की माणसे एकमेकांना आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. तो आकडा शहराच्या बोलण्याचा भाग झाला आहे. जर्मनीत डॅन्यूबच्या काठी पासाऊ गावाच्या जुन्या नगरसभागृहाच्या मनोऱ्यावर १५०१ पासूनच्या मोठ्या पुरांच्या रेषा सालासकट दाखवल्या आहेत, २०१३ चीही आहे. जपानमध्ये आनेयोशी या वस्तीत त्सुनामीनंतर एक शिळा उभारली गेली. तिच्याखाली घरे बांधू नका असा तिच्यावर संदेश आहे. २०११ ची लाट त्या शिळेच्या खालीच थांबली आणि वरची घरे वाचली.

एक मिरवणूक, तीन फलक

याच बाजारपेठेतून २० मार्च १९२७ रोजी अडीच हजारांहून अधिक माणसे चार-चारच्या रांगेत चालत गेली. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा तो दुसरा दिवस. परिषद महाडला भरवावी यासाठी खटपट केली दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे या चोवीस वर्षांच्या तरुणाने. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागदावर हक्क होता. परिषदेला मात्र पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते.

परिषदेच्या मंडपापासून तळ्यापर्यंतचे अंतर फार नाही. आज बाजारातून रमतगमत गेले तरी थोड्या वेळात संपते. त्या दिवशी ते अंतर शतकांचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग सगळ्यांनी घेतले. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या निःशस्त्र माणसांना गल्लीबोळांत गाठून मारहाण झाली. नंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या हक्काचा खटला न्यायालयात चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. जागा द्यायला कुणी तयार नसताना फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्यासाठी दीड फूट लांब-रुंद आणि सहा इंच खोल खड्डा खणला होता, त्यात चंदनाचे तुकडे होते आणि भोवती बांबू रोवून तीन फलक लावले होते. एकावर ती मनुस्मृतीची दहनभूमी असल्याचे लिहिले होते, दुसऱ्यावर अस्पृश्यता नष्ट करण्याचे आवाहन, तिसऱ्यावर ब्राह्मण्य गाडून टाकण्याचे. बांबू, कापड, रंग आणि कुणा कार्यकर्त्याचा हात. ते फलक रंगवणाऱ्याचे नाव माझ्या वाचनात आले नाही. महाराष्ट्रातल्या रस्त्यावरच्या कलेचा इतिहास कुणी लिहिला, तर त्यात या तीन फलकांना मानाचे पान मिळायला हवे. मुंबईतल्या ससून डॉकला २०१७ मध्ये भरलेले कलाप्रदर्शन, वांद्र्यात दादासाहेब फाळक्यांचे रंजित दहिया यांनी काढलेले उत्तुंग चित्र, पुण्यात कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांनी रंगवलेल्या भिंती, या सगळ्यांनी शहरांना आपल्याच भिंतींकडे पाहायला शिकवले, हे मोठे काम आहे. महाडच्या फलकांची जात निराळी. ते सुंदर दिसावेत म्हणून लावले नव्हते. रंगाने लिहिलेली वाक्ये सार्वजनिक जागी उभी करणे हीच तिथे कृती होती.

आज तळ्याकाठी बाबासाहेबांचा पुतळा आहे, शहरात मनुस्मृतीदहनाच्या स्मरणाचा क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारक आहे. दर वर्षी १९ आणि २० मार्चला आणि २५ डिसेंबरला गावोगावहून माणसे येतात, निळे झेंडे लागतात, कवने गायली जातात, पुस्तकांच्या पथाऱ्या पडतात. त्या दिवशी सगळे शहर भिंतीसकट बोलते. उरलेल्या वर्षात मात्र मंडप ते तळे हा रस्ता इतर कुठल्याही रस्त्यासारखाच असतो. पुतळ्यापर्यंत पोचणाऱ्याला आपण कोणत्या वाटेवरून आलो याचा पत्ता लागत नाही. त्या दिवशी घडले ते चालण्यातून घडले, आणि नेमकी ती वाटच खुणेवाचून राहिली आहे.

चालती कला

या गावाला चालती कला नवी नाही. महाशिवरात्रीच्या उत्सवात वीरेश्वराचा छबिना निघतो. पंचक्रोशीतल्या ग्रामदेवतांच्या पालख्या आणि उंच सजवलेल्या काठ्या ढोल-सनईच्या गजरात शहरात येतात. विन्हेऱ्याची झोलाई ही त्यांतली मानाची. वाड्यांवरची माणसे रात्रभर काठी खांद्यावर, कमरेवर, तळहातावर नाचवतात. तोल ही त्यांची कला आणि रस्ता हा त्यांचा मंच. मुंबईला गेलेला चाकरमानी काठीला हात लावायला रजा काढून येतो. आपल्या देवीची काठी शहराच्या मध्यभागी नाचली, की त्या शहरावर आपलाही हक्क आहे असे त्या वाडीला वाटते. मिरवणुकीचा मान हा हक्काचाच दुसरा चेहरा. म्हणूनच बाकी सगळ्या वाड्यांना जो रस्ता मोकळा आणि एखाद्या वाडीला बंद, तो रस्ता कुणाचाच पुरता नसतो. १९२७ ने सांगितले ते हेच.

दासगाव ते गांधारपाले

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला आले. धरमतरकडून येण्याऐवजी हा मार्ग घेतला, कारण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर दासगावहून पाच मैल पायी जाता येणार होते. बंदरावर हजारो माणसे वाट पाहत होती. बाबासाहेबांना जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीसाठी पुढे जावे लागले आणि बाकीची माणसे घोषणा देत, गाणी म्हणत महाडपर्यंत चालत गेली.

त्या पाच मैलांचा बराचसा भाग आज महामार्गाच्या पोटात आहे. रुंद रस्त्याच्या कडेने चालणे सोपे नाही. ट्रकच्या वाऱ्याने माणूस हलतो. तरी महाड जवळ येऊ लागले की रस्त्याच्या वर डोंगरात ओळीने कोरलेल्या लेण्यांची काळी दारे दिसतात. ही गांधारपाले लेणी. सुमारे अठ्ठावीस लेणी, इसवी सनाच्या पहिल्या शतकांतली. पायऱ्या चढून गेले की खाली गांधारी, सावित्री आणि त्यांच्यामधले महाड हा सगळा नकाशा डोळ्यांसमोर उलगडतो. पूर का येतो हे इथे उभे राहिले की शिकवावे लागत नाही.

लेण्यात ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. कुमार काणभोअ विष्णुपालित याचे हे दान. काय काय दिले याची त्यात यादी आहे. एक लेणे, एक चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही बाजूंना पाण्याची दोन टाकी, आणि लेण्यापर्यंतची वाट.

पाण्याची टाकी आणि वाट. या मुलखातल्या भिंतीवर ज्या अगदी पहिल्या ओळी लिहिल्या गेल्या, त्यांत कुणा कुमाराने या दोन गोष्टी दिल्याची नोंद आहे. पुढे शतके लोटली, आणि इथून हाकेच्या अंतरावर माणसांना याच दोन गोष्टींसाठी मार खावा लागला. लेण्यातून खाली पाहताना बाजारपेठ, तळे आणि दासगावकडून येणारा रस्ता एका नजरेत बसतात. डोंगरावरचा लेख आणि गावातला सत्याग्रह ही एकाच मुलखाची कथा आहे, हे इथे चढून येणाऱ्याला आपोआप दिसते. अडचण एवढीच की महामार्गावरून जाणारी बहुतेक माणसे चढत नाहीत.

शंभरी जवळ आली आहे

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. तेव्हा मोठे सोहळे होतील, व्हायला हवेतच. भाषणे होतील, रोषणाई होईल. त्यासोबत काही साध्या, स्वस्त आणि टिकाऊ गोष्टी व्हाव्यात असे मनापासून वाटते.

मंडपाच्या जागेपासून तळ्यापर्यंतची वाट फरसबंदीवर खुणा करून दाखवावी, म्हणजे शाळेतल्या मुलांना चार-चारच्या रांगेत तिच्यावरून चालत नेता येईल. दासगाव बंदरावर आणि तिथून महाडपर्यंत मैलामैलाला दगड उभे करावेत आणि त्यांवर मोरे, टिपणीस, फत्तेखान आणि बाबासाहेबांचे सहकारी सहस्रबुद्धे व चित्रे यांची नावे आणि कामे लिहावीत. लढ्यात किती तऱ्हेची माणसे उभी राहिली ते त्यातून कळेल. डिसेंबरचे तीन फलक पुन्हा रंगवून कायमचे लावावेत, आणि ते काम फ्लेक्सवाल्याला न देता इथल्या हयात पेंटरांना द्यावे, सोबत चार शिकाऊ मुले बसवावीत. बाजारपेठेतल्या खांबांवर २००५ आणि २०२१ च्या पाण्याची उंची ठळक रंगात, तारखेसह काढावी आणि तिच्या शेजारी उंच जागेकडे जाणारा बाण दाखवावा. स्वच्छता सर्वेक्षणाच्या वेळी महाराष्ट्रातल्या नगरपालिका भिंती रंगवतातच. रंग आहे, शिडी आहे, हात आहेत. त्या भिंतीवर काय लिहायचे तेवढे ठरवायचे आहे.

पुराची रेष आणि मिरवणुकीची वाट या दोन खुणा एकाच शहरात, एकाच बाजारपेठेत काढाव्या लागाव्यात हे महाडचे वेगळेपण आहे. एक सांगते की पाणी कुणालाही ओळखत नाही, सगळ्यांच्या तळमजल्यात सारखेच शिरते. दुसरी सांगते की माणसांनी मात्र त्याच पाण्यावर भेद मांडले होते, आणि माणसांनीच ते चालत जाऊन मोडले. या दोन्ही गोष्टी महाडच्या मुलांना त्यांच्या रोजच्या रस्त्यावर वाचता आल्या पाहिजेत. त्यासाठी स्मारकाचे दार उघडण्याची किंवा वर्षातून एकदा येणाऱ्या तारखेची वाट पाहावी लागू नये. घाटाचा बोगदा झाला, पूल झाला, रस्ता रुंद झाला. आता महाडकरांनी आणि त्यांच्या नगरपालिकेने आपल्या भिंतींवर आपला इतिहास लिहायला घ्यावा, आणि आपण बाकीच्यांनी महाडजवळ गाडी महामार्गावरून खाली उतरवून तो पायी वाचायला जावे.